कर्ता कोण?

कालपर्यंत चालणारी 'पायथन' ही आज्ञा आज ऑफिसातला संगणक ओळखतच नाही, म्हटलं की पहिला सवाल येतो: कुणी हात लावला? माणसाचं मन कर्ता शोधतं, आणि बहुधा एकच शोधतं.

गीतेचा 18वा अध्याय मात्र कर्माची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव.

या बिघाडाचंही तसंच आहे. विंडोजमध्ये टंकलेली आज्ञा कुठे शोधायची, त्या फोल्डरांची यादी 'पाथ'मध्ये असते. एखाद्या स्क्रिप्टने 'सेटएक्स' ही आज्ञा वापरून तिच्यात भर घातली, तर 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापला जातो. इशारा उमटतो, पण स्क्रिप्ट पडद्याआड चालत असेल तर तो वाचणार कोण? प्रोग्रॅम जागेवरच असतो. पूर्ण पत्ता टंकला तर मुकाट चालतोही.

मग दोषी कोण? इन्स्टॉल करणारा, स्क्रिप्ट लिहिणारा, सेटएक्सची मर्यादा, की वर्षानुवर्षं फुगलेली यादी? कंपनीच्या डोमेनमध्ये तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे केंद्रातून लागू होणारी सेटिंग्ज, साधारण दर 90 मिनिटांनी ताजी होते आणि हाताने केलेला बदल तिच्यापुढे टिकेलच असं नाही. अशा वेळी समोर बसलेल्या कारकुनावर आळ घेणं हा उघड अन्याय आहे.

जबाबदारी यामुळे विरत नाही. पाचांत कर्ताही आहेच. पण त्याचं नाव घेण्याआधी इव्हेंट लॉगमध्ये त्या सुमारास काय इन्स्टॉल झालं ते पाहावं. रजिस्ट्रीतला बदल कोणत्या खात्याने केला, हे मात्र ऑडिटिंग आधीपासून चालू असेल तरच कळतं. आणि दुरुस्तीपूर्वी तुटलेल्या 'पाथ'ची प्रत जपून ठेवावी.