फ्रेमच्या कडेला

कॅमेरा घेऊन इस्तंबूलला जाणाऱ्याच्या डोळ्यांत आरा ग्यूलर आधीच ठाण मांडून बसलेले असतात. १९२८ साली याच शहरातल्या एका आर्मेनियन घरात जन्मलेला हा माणूस. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बोटींची धुरांडी, ओल्या फरसबंदीवरच्या घोडागाड्या, धुक्यातले कोळी, पाठीवर बोजा घेऊन चढ चढणारे हमाल त्यांनी काळ्या-पांढऱ्यात असे टिपले की पुढच्या पिढ्यांना इस्तंबूल म्हटलं की तेच आठवतं. स्वतःला कलावंत म्हणवून घेणं त्यांना रुचत नसे. आपण बातमीदार, कॅमेऱ्याने इतिहास नोंदवणारे, असं ते सांगत. ओरहान पामुक यांनी इस्तंबूलवरच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांचे फोटो वापरले, आणि त्यावरून दोघांत एक प्रेमळ वाद चाले. ग्यूलर म्हणायचे, तुला हे फोटो आवडतात कारण त्यांत तुझं लहानपण आहे. पामुक म्हणायचे, छे, सुंदर आहेत म्हणून आवडतात. मला ग्यूलरांचं पटतं. पंचाईत एवढीच की माझं लहानपण काही तिथे गेलेलं नाही, तरी ते फोटो पाहून मलाही हुरहूर लागते. ही उसनी हुरहूर घेऊनच आपण परक्या शहरात उतरतो आणि तिला शोभेल तेवढंच टिपतो.

२०१२ च्या वसंतात गलाता पुलावर फिरताना मी कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवला होता. कठड्यावरून गळ सोडून उभी असलेली माणसं, मागे सुलेमानिये मशिदीचा घुमट, वर घिरट्या घालणारे सीगल. हवं ते सगळं हजर होतं. ग्यूलरांच्या फोटोतला पूल मात्र नव्हता. तो १९१२ चा तरंगता पूल १९९२ च्या आगीत गेला. आताचा १९९४ चा, पोटात हॉटेलांची रांग असलेला. हे ठाऊक असूनही हॉटेलांच्या पाट्या चुकवत मी कोन शोधत होतो.

रॉ फाइलची एक गंमत असते. मोनोक्रोमवर ठेवलं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि जेपेगमध्ये रंग नाहीसे होतात, पण सेन्सरने टिपलेले रंग रॉ फाइलमध्ये जसेच्या तसे पडून राहतात. परवा त्या फाइली उघडल्या आणि अख्खा पूल रंगीत झाला. निळी प्लास्टिकची बादली, तिच्यात वीतभरही नसलेले चकचकीत मासे. एकाच्या डोक्यावर गालातासराय क्लबची पिवळी-लाल टोपी. कठड्याला गाठ मारून अडकवलेली किराणा दुकानाची पिशवी. गळ काखेत धरून मोबाइलवर खो खो हसणारा पोरगा. काळ्या-पांढऱ्यात ही मंडळी कुठल्याही दशकातली, काहीशी दुःखी वाटतात. रंगात बघावं तर सगळे चांगले मजेत आहेत.

मुंबईत महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाकडे लेन्स रोखणारे परदेशी पर्यटक आपण नेहमी बघतो, आणि मागचे टॉवर टाळण्याची त्यांची धडपडही बघतो. तेव्हा आपल्याला राग येतो. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या भारतातल्या फोटोंवर लेखक टेजू कोल यांनी २०१६ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. फोटो गरजेपेक्षा जास्त नेटके आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि तुलनेला त्यांनी भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचं काम घेतलं. सिंह यांच्या फ्रेममध्ये मधेच खांब येतो, गाडीची काच येते, आरशात भलतंच काही दिसतं, आणि तरी सगळं एकमेकांना धरून असतं. दोष परकेपणाचा असता तर सोपं होतं. पण सिंह स्वतः आयुष्यातली कितीतरी वर्षं पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला राहिले. काय दिसायला हवं हे घरूनच ठरवून निघालं, की माणूस स्वतःच्या गावातही फसतो.

इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावरची लाल ट्राम हे त्याचं उत्तम उदाहरण. तिचा फोटो काढल्याशिवाय तिथून कुणी हलत नाही. पण शहराच्या युरोपीय बाजूच्या ट्राम १९६१ मध्येच बंद झाल्या होत्या. ही १९९० मध्ये जुन्या काळाची आठवण म्हणून पुन्हा सुरू केलेली. म्हणजे ती आधीपासूनच फोटोसाठी उभी आहे. माझ्या फोटोतही ती बरोबर मध्यभागी आहे. डाव्या कडेला, निम्मी कापलेली, इंजी या मिठाईच्या दुकानाची काच दिसते. १९४४ पासूनचं हे दुकान, प्रॉफिटरोलसाठी प्रसिद्ध. मी फोटो काढला त्याच वर्षी, २०१२ च्या डिसेंबरमध्ये, त्याला ती जागा सोडावी लागली आणि ते जवळच्या गल्लीत गेलं. त्याच इमारतीच्या आवारातलं १९२४ चं एमेक थिएटर पुढच्या वर्षी, लोक रस्त्यावर उतरले तरी, पाडलं गेलं. थिएटरचा एकही फोटो माझ्याकडे नाही. इंजीची अर्धी काच आहे, तीही मी ट्रामची वाट बघत होतो म्हणून.

आयासोफियात तर मी मान वर करूनच फिरलो. घुमट, सोनेरी मोझाइक, झुंबरं. एका फोटोत कॅमेरा जरा कलला आणि खाली राखाडी संगमरवराची फरशी आली, पाण्यावरच्या लाटांसारख्या शिरांची. २०२० च्या जुलैत वास्तूची पुन्हा मशीद झाली आणि फरशी गालिच्याखाली गेली. २०२४ पासून परदेशी पर्यटकाला तिकीट काढून वरच्या सज्ज्यातच जाता येतं. घुमटाचे फोटो कुठेही मिळतील. फरशीसाठी मात्र आता तो कललेला फोटोच उघडावा लागतो.

म्हणून हल्ली मी पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावतो, कडा छाटत नाही आणि फसलेले फोटो उडवत नाही. हार्ड डिस्का भरतात, घरचे ओरडतात. पण खरी काळजी वेगळीच आहे. आता फोनवर नुसतं बोट फिरवलं की मागची माणसं, तारा, पाट्या, अर्ध्या कापलेल्या काचा साफ पुसल्या जातात. इस्तिकलालच्या गर्दीत त्या ट्रामपुढे उभे असलेले लोक ती पुसलेलीच प्रत घरी पाठवतात, आणि पुढे साठून राहणार तीही बहुतेक तीच.