मृत्युशय्येजवळ जागणाऱ्यांचा हक्क

माणसाच्या आजारपणात कधीकधी असा टप्पा येतो की औषध रोग बरा करू शकत नाही; वेदना मात्र कमी करू शकते. अशा रुग्णाचे दुखणे शमविणे, त्याचा श्वास सुकर करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, मनातील भय हलके करणे आणि त्याच्या कुटुंबीयांना धीर देणे, या कार्याला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवा, असे म्हणतात. या सेवेसाठी भारतातील पहिले स्वतंत्र केंद्र ‘शांती आवेदना सदन’ १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. त्याची एक शाखा गोव्यात लोटली येथे आहे. केंद्र शासनानेही २०१२ साली या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

आपल्या सिंधुदुर्गातील कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी गोव्यातील बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातात. उपचारांची मर्यादा संपली की ते मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातील आपल्या घरी परततात. मुले मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीला असतात. मग रुग्णाच्या उशाशी उरतात त्या दोघी: घरातील एखादी सून किंवा लेक, आणि रुग्णालयातील किंवा शेजारची परिचारिका. या लेखाचा विषय ही परिचारिका आहे. रुग्णाचे तिच्यावर हक्क आहेत, हे सर्वांना मान्य आहे. पण तिचा स्वतःवर काही हक्क आहे काय? मरणोन्मुख माणूस कण्हत असताना तिने विश्रांती घेणे हा स्वार्थ ठरतो काय?

या सेवेच्या श्रेष्ठत्वाविषयी इस्लाममध्ये शंकेला जागा नाही. बद्रच्या युद्धप्रसंगी हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, म्हणजे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.), अत्यवस्थ होत्या. प्रेषितांनी हजरत उस्मान (रजि.) यांना त्यांच्या सेवेसाठी मदीनेतच थांबविले. हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत. तरीही युद्धात भाग घेणाऱ्यांना जो वाटा व जे पुण्य मिळाले, तेच हजरत उस्मान (रजि.) यांनाही देण्यात आले. खंदकच्या युद्धात जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मशिदीच्या आवारातील तंबूत ठेवण्यात आले होते आणि हजरत रुफैदा (रजि.) त्यांची शुश्रूषा करीत होत्या. हजरत साद (रजि.) वाचले नाहीत. परंतु रुग्ण वाचला नाही म्हणून शुश्रूषा व्यर्थ गेली, असे कोणी म्हटले नाही. ज्या परिचारिकेचे सर्वच रुग्ण अखेरीस निघून जातात, तिने हे दोन प्रसंग मनाशी जपून ठेवावेत. तिच्या कर्माचे मोल रुग्णाच्या आयुष्याच्या लांबीवर ठरत नाही.

परंतु येथेच एक गैरसमज जन्म घेतो. सेवा इतकी पवित्र असेल तर तिच्यात स्वतःला झिजवून टाकणे हेच पुण्य, असे अनेकांना वाटते. परिचारिकेलाही तसेच वाटते आणि तिच्याकडून काम करून घेणाऱ्यांना तर ते सोयीचेच असते. या समजुतीचे उत्तर हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या प्रसिद्ध प्रसंगात मिळते. प्रेषितांनी या दोघांमध्ये बंधुत्वाचे नाते जोडले होते. हजरत सलमान (रजि.) भेटीस गेले तेव्हा त्यांना हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या पत्नी विस्कटलेल्या वेशात दिसल्या. पती दिवसा रोजे ठेवतात आणि रात्रभर नमाज पढतात. संसाराकडे त्यांचे लक्षच नाही, असे त्यांच्याकडून कळले. हजरत सलमान (रजि.) यांनी यजमानांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री दोनदा झोपायला लावले आणि रात्रीच्या अंतिम प्रहरी उठविले. मग दोघांनी मिळून नमाज अदा केली. तुझ्या पालनकर्त्याचा, तुझ्या देहाचा आणि तुझ्या कुटुंबाचा तुझ्यावर हक्क आहे, तेव्हा ज्याचा हक्क त्याला दे, असे त्यांनी समजाविले. हे प्रेषितांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले, असे सांगून या बोलण्यावर मोहोर उमटविली.

या प्रसंगात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, देहाच्या विश्रांतीला येथे सवलत म्हटलेले नाही, हक्क म्हटले आहे. सवलत सोडून देता येते. दुसऱ्याचा हक्क बुडविता येत नाही. आपला देह आपल्या मालकीचा नाही, ती अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. म्हणून तो झिजवून टाकण्याचा अधिकारही आपल्याला नाही. दुसरी गोष्ट ही की, झोपेनंतर हजरत सलमान (रजि.) यांनी आपल्या बंधूला उठविले. विश्रांती उपासनेपासून पळण्यासाठी नव्हती. उपासना जिवंत मनाने व्हावी यासाठी होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे आपण पुढे वळू.

प्रथम थकव्याचा प्रश्न पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या अतिताणातून येणाऱ्या खचलेपणाची तीन लक्षणे नोंदविली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा व कडवटपणा, आणि कार्यक्षमतेत घट. यातील दुसरे लक्षण धार्मिक दृष्टीने अतिशय गंभीर आहे. परिचारिका रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागते, त्याच्या हाकेचा तिला राग येऊ लागतो, मृत्यू पाहूनही काहीच वाटेनासे होते. हृदयाच्या याच कठोरतेपासून कुरआन वारंवार सावध करतो. येथे ती दुष्टपणातून आलेली नसते, न मिळालेल्या झोपेतून आणि न ढाळलेल्या अश्रूंतून आलेली असते. म्हणून परिचारिकेने स्वतःला जपणे हे रुग्णाच्या हक्काच्या विरोधात जात नाही. थकलेल्या हाताकडून औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते आणि थकलेल्या मनाकडून शब्दांत. दोन्हींची किंमत रुग्णच मोजतो.

काही जण म्हणतील, मग सब्रचे काय? सब्र म्हणजे दुःख न वाटणे नव्हे. प्रेषितांचे सुपुत्र इब्राहीम यांनी अखेरचा श्वास घेतला तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. कन्येच्या मरणासन्न बालकाला मांडीवर घेतले तेव्हाही ते रडले. एका सहकाऱ्याने आश्चर्याने विचारले, तेव्हा ही अल्लाहने आपल्या दासांच्या हृदयात ठेवलेली दया आहे, असे त्यांनी सांगितले. मनात दुःख आणि जिभेवर अल्लाहच्या निर्णयाचा स्वीकार, हे दोन्ही एकत्र राहू शकतात. तेव्हा रुग्णाच्या मृत्यूनंतर ज्या परिचारिकेचे डोळे भरून येतात, ती दुबळी नाही.

मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोर बांधलेला प्रेषितांनी पाहिला. चौकशीअंती कळले की, तो हजरत जैनब (रजि.) यांचा असून नमाजमध्ये थकवा आला की त्या त्याचा आधार घेतात. प्रेषितांनी तो सोडून टाकण्यास सांगितले आणि उत्साह असेपर्यंत नमाज पढावी, थकल्यावर बसावे, अशी शिकवण दिली. आजच्या परिचारिकेचेही असे दोर असतात: चहामागून चहा, डोकेदुखीच्या गोळ्या, लागोपाठ दुसऱ्याची रात्रपाळी, आणि ‘मला काही होत नाही’ हे वाक्य. हे दोर तिने ओळखावेत आणि सोडावेत. रात्रपाळीनंतरची झोप घरकामासाठी मोडू नये. जेवण वेळेवर घ्यावे. रुग्ण निवर्तल्यावर लगेच दुसऱ्या खाटेकडे धावण्यापूर्वी, शक्य असेल तर, दोन मिनिटे थांबावे, दुआ करावी, वुजू करून मन शांत करावे. मन सुन्न झाल्याचे जाणवले तर काही काळ दुसऱ्या विभागात काम मागावे. झोप आणि भूक उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. यात ईमानला कमीपणा नाही; उपचार घेण्याची आज्ञा प्रेषितांनीच दिली आहे.

तिने बोलावेही; मात्र येथे एक मर्यादा आहे. रुग्णाचे गुपित ही अमानत आहे. त्याच्या देहाची अवस्था, त्याच्या घरातील तंटे, त्याने अखेरीस उच्चारलेले शब्द वाडीत सांगण्यासाठी नाहीत. आपले दुःख मात्र आपले आहे. ते विश्वासू सहकारिणीजवळ किंवा जीवनसाथीजवळ, रुग्णाची ओळख न देता, मोकळे करता येते.

आणखी एक ओझे अनेकजणी मुकाट वाहतात: ‘मी दिलेल्या इंजेक्शननंतर तो गेला.’ डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत, वेदना शमविण्यासाठी दिलेले मॉर्फिन आणि जीव घेण्याच्या हेतूने दिलेले औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्मे हेतूंवर अवलंबून असतात. रुग्ण रोगाने जातो आणि त्याची घटका अल्लाहने ठरविलेली असते. शंका सलत असेल तर तिने ती डॉक्टरांना व जाणत्या आलिमांना विचारावी, पण दोषी नसताना स्वतःला शिक्षा देत राहू नये.

आता हजरत सलमान (रजि.) यांच्या प्रसंगातील तिसरी गोष्ट. त्यांनी केवळ उपदेश केला नाही. ते सोबत जेवले, त्या घरी रात्र काढली, सोबत उठले. थकलेल्याला ‘स्वतःची काळजी घे’ असे सांगून निघून जाणे सोपे आहे. पण ती झोपली तर रुग्णाजवळ कोण बसेल, या प्रश्नाचे उत्तर आपण देत नसू, तर आपला सल्ला हे तिच्यावरचे आणखी एक ओझेच ठरते.

आपल्या समाजाकडे पाहा. मय्यत झाल्याची खबर येताच सगळी वाडी जमते. गुस्ल, कफन, कबर, जनाजा यांत कशाचीही उणीव राहत नाही, कारण हे फर्ज-ए-किफाया आहे, काहींनी केले नाही तर सर्व गुन्हेगार ठरतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु त्या मृत्यूपूर्वीचे तीन महिने? तेव्हा त्या घरात किती जण जातात? आजाऱ्याची विचारपूस हाही मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे आणि अनेक विद्वानांनी तिलाही फर्ज-ए-किफाया म्हटले आहे. आपण मृतदेहाचा भार सर्वांनी मिळून खांद्यावर घेतो. मरणाऱ्याचा भार मात्र एका सुनेवर आणि एका परिचारिकेवर टाकतो. तिची विश्रांती हे पाप नाही. तिला विश्रांती मिळू न देणारी आपली गैरहजेरी हा खरा हिशेबाचा विषय आहे.

भार वाटून घेतला तर काय घडते, याची उदाहरणे आपल्याजवळ आहेत. १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग २०१५ साली निधन होईपर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेचा गौरव केला. एकटीला हे कदापि शक्य झाले नसते. पाळीने शक्य झाले. केरळमध्ये कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेले उपशामक सेवेचे कार्य पुढे मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात लोकचळवळ बनले. तेथे सामान्य शेजारी प्रशिक्षण घेऊन आठवड्यातील काही तास रुग्णांच्या घरी देतात. आपल्या किनाऱ्यावर तर रापण आहे. तिचे दोर दोन्ही टोकांनी अनेक हात मिळून ओढतात आणि मासळीचा वाटा सर्वांना मिळतो. एकट्याने रापण ओढावी, असे मालवणात कोणी सुचविणार नाही.

मग प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने रुग्णाजवळ बसण्याच्या पाळ्या का लावू नयेत? पुरुषांनी पुरुष रुग्णांजवळ, स्त्रियांनी स्त्री रुग्णांजवळ आठवड्यातून दोन तास द्यावेत. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला घरातील वडीलधाऱ्यांनीच झोपू द्यावे; तिच्या वाट्याच्या भाकऱ्या त्या दिवशी दुसऱ्या कोणी भाजाव्यात. आणि ओरोसच्या किंवा मालवणच्या रुग्णालयात आपल्या आईचे तोंड पुसणारी परिचारिका मुसलमान असो, हिंदू असो वा ख्रिस्ती असो, तिच्याशी वाद घालण्याऐवजी ‘सिस्टर, आपण जेवलात का?’ एवढे तरी विचारावे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे.

अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही. तो भार आपणही कोणावर टाकू नये, आणि मृत्युशय्येजवळ जागणाऱ्या प्रत्येक भगिनीला तिच्या देहाचा हक्क व आपल्या सोबतीचा आधार मिळवून देण्याची सद्बुद्धी अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.