कच्चे मडके

सभामंडपातील प्रवचन आटोपले की 'हे अमक्याने ऐकावयास हवे होते' असा उद्गार पुष्कळदा कानी पडतो. आम्हीही तो काढलेला आहे. सर्वांस उद्देशून केलेला उपदेश शेजाऱ्याकडे सरकविता येतो. एकट्यास केलेल्या उपदेशापुढे मात्र स्वतःलाच बसावे लागते.

नामदेवरायांची परंपरागत कथा या दृष्टीने पाहावी. तेर येथे गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखली आणि नामदेव तेवढे कच्चे ठरले. साक्षात पांडुरंगाशी हितगुज करणाऱ्या भक्तास ते झोंबले. (ते झोंबले, याचाच आम्हांस मोठा दिलासा वाटतो!) तरीही ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी वाद घातला नाही. जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, एवढेच ते म्हणाले. पाय उचलावयाचे नामदेवांनी, आणि पाहावयाचेही त्यांनीच.

आम्ही मार्गदर्शक शोधतो तो बहुधा आमचे पक्केपण मान्य करणारा, किंवा विवेकासकट सारा भार शिरी घेणारा. विसोबांपाशी या दोन्ही सोयी नव्हत्या.

परवा एका वृद्ध सद्गृहस्थांनी आम्हांस विचारले, "जप किती होतो?" आम्ही संख्या सांगितली. "आणि घरी राग?" आम्ही तीर्थप्रसादाचे निमित्त करून उठलो. येत्या एकादशीस त्यांच्या घरी जाण्याचे योजिले आहे.