वाट आहे, पण तिने कोण येते?

मार्च २०२० मध्ये कृष्णेच्या खोऱ्यात दोन घटना घडल्या. पहिली साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे करोनाबाधित निघाले, आठवडाभरात त्यांच्या संपर्कातल्या बाधितांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली आणि शहराला कुलूप लागले. दुसरी घटना तेव्हा कोणाच्या कानावरही आली नाही. त्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयव्हीचे संशोधक सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेत होते. या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातल्या वटवाघळांत असे प्रथमच दिसत होते.

या दोन विषाणूंची कुळे वेगळी, स्वभाव वेगळे. पण दोघांनीही वैद्यकातला एक जुना प्रश्न पुन्हा समोर आणला : नाकात शिरलेला विषाणू थेट मेंदूत जाऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ‘होय’, मग ‘नाही’, मग पुन्हा ‘होय’, असे बदलत आले. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण करोनाकाळात आपल्या गावागावांत नाकावरून जे उपाय झाले आणि जी भीती पसरली, तिचे मूळ याच प्रश्नात होते.

आधी शरीराची रचना पाहू. नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या भागात गंध ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी म्हणजे मज्जापेशीच. त्यांचे एक टोक नाकातल्या श्लेष्म्यात, जवळजवळ उघड्या हवेत असते. दुसरे टोक बारीक तंतू होऊन कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जाते आणि मेंदूच्या पुढच्या भागाखालच्या घ्राणकंदात पोचते. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांना वाटेत अधिक थांबे असतात. बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यामध्ये एकाच पेशीचे अंतर उरते, अशी जागा मात्र नाकातच आहे. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची जी कडेकोट तटबंदी असते, तिला वळसा घालून आत जाण्याची शक्यता इथे आहे.

नाक आणि मेंदू यांचे नाते माणसाला फार पूर्वीपासून जाणवले होते. आयुर्वेदाच्या पंचकर्मांत नस्याला स्थान मिळाले, कारण डोक्याच्या विकारांवरचे औषध नाकाच्या दाराने पोचते अशी धारणा होती. युरोपात गेलनच्या परंपरेने उलटी दिशा मानली होती : सर्दीचा स्राव मेंदूत तयार होतो आणि त्या सच्छिद्र हाडातून नाकात गळतो. ही समजूत हजाराहून अधिक वर्षे टिकली. १६६० च्या सुमारास व्हिटेनबर्गच्या कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी दाखवून दिले, की स्राव नाकाच्या अस्तरातच तयार होतो. मेंदूचा त्याच्याशी संबंध नाही. छिद्रे खरी होती, त्यातून सर्दी गळते हा तर्क मात्र खोटा होता. या विषयात पुढेही वारंवार हेच घडणार होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिओने ही वाट पुन्हा चर्चेत आणली. १९०८ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओ माकडांत संक्रमित करून दाखवला. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी विषाणू माकडांच्या नाकात सोडून पक्षाघात घडवला. प्रयोग पुन्हापुन्हा यशस्वी झाला. पुढे १९३० च्या दशकात माकडांच्या घ्राणतंतूंचा मार्ग शस्त्रक्रियेने तोडला, तेव्हा नाकात विषाणू सोडूनही ती आजारी पडेनात. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पोलिओ नाकातून येतो, तंतूंतून चढतो आणि मेंदू व मज्जारज्जूत पसरतो, हे मत पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले. स्वीडनच्या कार्ल क्लिंग आणि सहकाऱ्यांना १९१२ मध्येच रुग्णांच्या आतड्यात विषाणू सापडला होता. त्यांचे निष्कर्ष बाजूला पडले.

मत स्थिर झाले की त्यावर उपाय बेतले जातात. नाकातली ती वाटच बंद केली तर? १९३६ मध्ये अमेरिकेत अलाबामात साथीच्या वेळी पिक्रिक अॅसिड आणि तुरटीचे फवारे वापरले गेले. १९३७ मध्ये कॅनडात टोरँटोला साथीच्या वेळी जवळपास पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचे द्रावण फवारले. पोलिओपासून संरक्षण मिळाले नाही. अनेक मुलांचा वास घेण्याचा गुण मात्र गेला आणि काहींचा महिनोन्महिने परतला नाही. एका सुसंगत, सुंदर वाटणाऱ्या कल्पनेची किंमत त्या मुलांनी मोजली.

चूक कुठे होती? प्रयोग खोटे नव्हते. फ्लेक्सनर यांच्या प्रयोगशाळेतला विषाणूचा वाण वर्षानुवर्षे एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत टोचत नेलेला होता. अशा वाणाला मज्जापेशींखेरीज दुसरे काही मानवेनासे झाले होते. शिवाय वापरलेल्या ऱ्हीसस जातीच्या माकडांना तोंडावाटे पोलिओ सहसा होतच नाही. म्हणजे प्रयोगाने जे विचारले, त्याचे उत्तर बरोबर आले. पण प्रश्न त्या माकडांपुरता आणि त्या वाणापुरता होता. माणसाच्या मुलाला पोलिओ कसा होतो, हा प्रश्न त्या प्रयोगांनी विचारलाच नव्हता.

तो विचारला आल्बर्ट सेबिन यांनी. १९४० मध्ये त्यांनी पोलिओने मरण पावलेल्या माणसांचे घ्राणकंद तपासले. विषाणू त्या वाटेने गेला असता तर तिथे इजा दिसायला हवी होती. ती दिसली नाही. १९४१ मध्ये सेबिन आणि रॉबर्ट वॉर्ड यांनी मृतांच्या अवयवांत विषाणू शोधला, तेव्हा तो पचनमार्गात सापडला. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांच्या स्वतंत्र कामातून हे दिसले, की पक्षाघातापूर्वी विषाणू रक्तात उतरतो. तोंड, आतडे, रक्त आणि मग मज्जासंस्था, अशी खरी वाट उलगडली. विषाणू आतड्यात वाढतो हे कळल्यावरच सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस शक्य झाली. १९९५ पासून सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन पोरांच्या तोंडात घातलेले ते दोन थेंब म्हणजे एक लोकप्रिय कल्पना सोडून देण्याच्या धैर्याचे फळ आहे. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

पण यानंतर वैद्यकाचे पारडे दुसऱ्या टोकाला झुकले. नाकाच्या वाटेची चर्चा काही दशके मागे पडली. ती परत आली ती वेगवेगळ्या विषाणूंचा वेगवेगळा अभ्यास होऊ लागल्यावर. हर्पीसचा मेंदूज्वर मेंदूच्या विशिष्ट भागांनाच का गाठतो, या कोड्यात घ्राणमार्गाचा संशय घेतला गेला. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस नावाचा गुराढोरांचा विषाणू उंदरांच्या नाकात सोडला तर तो तंतूंवाटे घ्राणकंदात पोचतो हे पक्के झाले. त्यातून एक अनपेक्षित गोष्टही कळली. घ्राणकंद निमूटपणे विषाणूला पुढे जाऊ देत नाही. तिथे इंटरफेरॉनचा इशारा लवकर उठतो, मेंदूतल्या रक्षक पेशी गोळा होतात आणि बहुतेक वेळा घुसखोर तिथेच अडवला जातो. उघड्या हवेला भिडलेल्या या जागेने आपला पहाराही उभारला आहे.

याच विषाणूचा जवळचा नातलग महाराष्ट्राच्या नावाने जगाला माहीत आहे : चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याने लहान मुलांचे जीव घेतले. तोही मेंदूज्वरच घडवतो, पण त्याचा वाहक वाळूमाशी. तो चाव्यातून येतो. एकाच कुळातले दोन विषाणू, आणि वाटा वेगळ्या. एकाचा अनुभव दुसऱ्यावर लादता येत नाही, याचे याहून घरचे उदाहरण कोणते?

मग २०२० उजाडले. ताप-खोकल्याबरोबर वास जाणे हे करोनाचे लक्षण ठरले. दुसऱ्या लाटेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत रुग्णसंख्या दीर्घकाळ चढी राहिली. घरोघरी कापूर, लवंग हुंगून लोक स्वतःची परीक्षा घेत होते. फोडणीचा वास येत नाही म्हटल्यावर घरातल्या बाईचा जीव घाबरा व्हावा, असे ते दिवस होते. वास गेला म्हणजे विषाणू मेंदूत गेला, ही भीती पसरायला वेळ लागला नाही. ओव्या-कापराच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. नाकात लिंबाचा रस घालण्याचे सल्ले मोबाइलवर फिरले. टोरँटोतल्या फवाऱ्यांमागे जी घाई होती, तीच ही. त्यातच मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने गोंधळ वाढवला. ती बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे खरोखर सरकते; पण मज्जातंतूंतून प्रवास करणे ही तिची मुख्य रीत नव्हे. रक्तवाहिन्यांत शिरून, ऊती मारत आणि हाड पोखरत ती पुढे जाते.

प्रयोगशाळांतही उत्तरे झुलत राहिली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या अखेरीस मृत रुग्णांच्या घ्राणपटलात विषाणू दाखवला आणि तिथून तो मेंदूकडे जाऊ शकतो असे मत मांडले. त्याआधी हार्वर्डमधल्या गटाने वेगळे सांगितले होते : विषाणूला शिरकाव देणारे रेणू गंधपेशींवर नसून त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर आहेत. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या शवांच्या अभ्यासाने याला बळ दिले. नुकसान मुख्यतः आधारपेशींचे होते. त्या कोलमडल्या की शेजारच्या गंधपेशीही मुक्या होतात. बहुतेकांचा वास परतला याचे स्पष्टीकरण इथे मिळते. तरीही विषय संपला नाही. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८५ जणांच्या मेंदूची संसर्गाआधीची आणि नंतरची चित्रे ताडून पाहिली गेली. त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात करोना झाला होता, आणि त्यांच्यात गंधाशी जोडलेल्या मेंदूच्या भागांत सूक्ष्म पण मोजता येण्याजोगी झीज अधिक दिसली. विषाणू स्वतः आत गेला, की वास थांबल्याने तो भाग आळसावला, की दाहाने हे घडवले, हे या चित्रांवरून ठरत नाही. मेंदूवर परिणाम होणे आणि विषाणू मेंदूत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्यांनी शिकवले.

आता महाबळेश्वरच्या गुहेतला प्रश्न. निपाहची पहिली ज्ञात साथ १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरे पाळणाऱ्यांत आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे २००१ मध्ये सिलिगुडीत आणि २०१८ मध्ये केरळातल्या कोळिकोडला तो दिसला. डुकरांवरच्या आणि पुढे २०१२ मध्ये हॅमस्टरवरच्या प्रयोगांत निपाह गंधतंतूंवाटे घ्राणकंदात चढताना स्पष्ट पाहिला गेला. म्हणजे या विषाणूला ती वाट येते. पण मलेशियातल्या मृतांच्या मेंदूत लहान रक्तवाहिन्यांचा व्यापक दाह सापडला; माणसात तो रक्तातून मेंदू गाठतो याचा तो भक्कम पुरावा. प्राण्यात दिसले म्हणून माणसात तसेच, असे म्हणायला इथेही जागा नाही. पोलिओने दिलेला धडा निपाहच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवला आहे.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. वाट असणे हा एक पुरावा झाला. तिने कोण आले, हे प्रत्येक विषाणूबाबत, प्रत्येक प्राण्याबाबत आणि शेवटी माणसाबाबत स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. जी कल्पना चटकन पटते, तिचीच तपासणी सर्वांत कठोर व्हायला हवी, कारण तिच्यावर उपाय बेतायला आपण थांबत नाही.

सातारा-सांगलीच्या माणसासाठी याचा अर्थ व्यवहारातला आहे. गुहेत विषाणूच्या खुणा सापडल्या म्हणून गुहेत धूर करणे किंवा वटवाघळांची झाडे तोडणे हा उपाय नव्हे. हुसकलेली वटवाघळे विखुरतात आणि माणसांच्या अधिक जवळ येतात. शिवाय ती आपल्या डोंगरांत बिया पसरवतात, किडे खातात. त्यांनी कुरतडलेले फळ टाळणे, गुहांत न शिरणे आणि तापाबरोबर शुद्ध हरपू लागलेल्या माणसाला वेळ न घालवता दवाखान्यात नेणे पुरेसे आहे. ज्यांचा वास अजून पूर्ण परतलेला नाही, त्यांनी नाकात काही ओतू नये. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला सराव सोपा आहे : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास रोज दोनदा, काही आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे. गंधपेशी आयुष्यभर नव्याने उगवतात, म्हणून त्यांना सरावाचा उपयोग होतो. आणि उद्या एखाद्या नव्या साथीत कोणी ‘हा विषाणू नाकातून मेंदूत जातो’ असे सांगू लागला, तर आपण त्याला हे विचारायला हवे : हे कोणात पाहिले, कसे पाहिले, आणि माणसात पाहिले का? हे तीन प्रश्न टोरँटोतल्या आईबापांना कोणी सुचवले असते, तर त्यांच्या मुलांना ती इजा सोसावी लागली नसती.