वीज कोणी घालवली?

हल्ली दिवे गेले की कोणीतरी म्हणतंच, "चीनचं काम असणार!" म्हणणारा हसत असतो, पण पुरता नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागीच थांबल्या. भारत-चीन सैन्यांच्या गलवानमधल्या चकमकीला जेमतेम चार महिने झाले होते. पुढे मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक.

राष्ट्रं संगणकांतून एकमेकांवर वार करतात, हे आता सांगायला नको. पण हे युद्ध आहे का? थॉमस रिड या अभ्यासकाचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. त्यांच्या मते हा घातपात, हेरगिरी किंवा सत्ता पोखरण्याचा प्रकार. युद्ध म्हणजे राजकीय हेतूने केलेला हिंसाचार. मला हा भेद मोलाचा वाटत आला आहे. प्रत्येक घुसखोरीला युद्ध म्हटलं, तर तोफा डागायला निमित्त हवंच असलेल्यांचं फावतं.

रिड यांची पंचाईत होते ती विम्याच्या दाव्यात. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा संगणकांचा घातक विषाणू युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला आणि न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. अमेरिकेने रशियन लष्कराकडे बोट दाखवलं. मर्क या औषध कंपनीने भरपाई मागितली, तर विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्धसदृश कृत्य, पॉलिसीत बसत नाही. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ते मानलं नाही. म्हणजे बोट लष्कराकडे, तरी कायद्याच्या लेखी युद्ध नाही!

इथे माझाच लाडका भेद मला टोचू लागतो. हल्लेखोर राष्ट्र नेमकं याच फटीत राहतं: नुकसान युद्धाचं, जबाबदारी कोणाचीच नाही. मग 'युद्ध की घातपात' यावर भांडण्यापेक्षा 'केलं कोणी, आणि ते कोण जाहीरपणे सांगतं' हा प्रश्न मोठा ठरतो. एस्टोनियाने २००७ मध्ये आपल्यावर झालेला सायबर हल्ला दडवला नाही. पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र तालिनमध्ये उभं राहिलं.

हल्लेखोराचं निम्मं काम आपली संदिग्धताच करते. हल्ला झालाच नसेल, तरी त्याच्या नावाचा दरारा वाढतो. विमान अपघाताची चौकशी होते, तशी वीजपुरवठा खंडित होण्याचीही स्वतंत्र तांत्रिक चौकशी व्हावी आणि अहवाल लोकांपुढे यावा. एकाच अंधाराची दोन कारणं दोन सरकारांनी सांगणं, ही सुरक्षा नव्हे.