वटवृक्ष बाजूला ठेवू

एका स्मरणिकेसाठी आलेले लेख वाचत होतो. विषय आई-वडिलांच्या आठवणींचा. पहिल्या काही लेखांतच वडील वटवृक्ष झाले, आई देवघरातली समई झाली, आजी तुळस झाली. लिहिणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नव्हती. पण इतक्या जणांबद्दल वाचूनही एकही माणूस डोळ्यांपुढे उभा राहिना. मग एका लेखात मध्येच एक वाक्य आलं. रात्रपाळीहून परतताना बाबा चपला हातात घेऊन जिना चढायचे, मुलांची झोप मोडू नये म्हणून. तिथे मी थांबलो. पुढचंच वाक्य होतं, ‘बाबा आमच्या घराचे आधारवड होते.’ आणि नुकताच दिसलेला माणूस पुन्हा दिसेनासा झाला.

उपमा कशाला म्हणायचं, रूपक कशाला, हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेलं आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच फरक : समजावण्यासाठी लिहिणं आणि साक्ष देण्यासाठी लिहिणं. समजावणाऱ्याला उपमा लागते, कारण न दिसणारी गोष्ट त्याला दिसणाऱ्या गोष्टीतून दाखवायची असते. साक्ष देणाऱ्याने मात्र ती गोष्ट स्वतः पाहिलेली असते. जे पाहिलं ते सांगणं हेच त्याचं काम. त्याने वडाचं झाड पाहिलेलं नाही, चपला पाहिल्या आहेत.

मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, भावना उघडी ठेवली तर कोरडी वाटते. आणि अलंकाराला एवढा विरोध असेल तर ज्ञानेश्वरीचं काय करायचं? एक दृष्टांत पुरत नाही म्हणून ज्ञानेश्वर चार-चार देतात. पण ज्ञानेश्वर आत्म्याबद्दल, मायेबद्दल बोलत होते. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांना गीता उलगडून दाखवत होते. दृष्टांत हाच तिथला रस्ता होता. आपले वडील काही ब्रह्मतत्त्व नव्हेत. ते त्या जिन्यावर होते.

आणि उघडी भावना कोरडी वाटते म्हणावं, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून पाहावीत. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. सत्तावन्नच्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळं बसलं. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, मीठसुद्धा धुवायचं. लक्ष्मीबाई हे फक्त सांगतात. धुतलेल्या मिठाचं काय होतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. त्या घरातला जाच कळायला मग दुसरं काही लागत नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढची काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. तो काळही त्या अशाच सांगतात : कोण काय म्हणालं, कोण कुठे गेलं, कुणी काय केलं.

इथे थोडं विषयांतर करतो. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही. ‘मायेचं छत्र हरपलं’, ‘काळाने घाला घातला’ हे शब्द तयारच असतात आणि तसे ते असायलाही हवेत. दारात माणसं जमलेली, फोन थांबत नाहीत, दाखल्यासाठी धावाधाव चाललेली. अशा वेळी कुणाला स्वतःचे शब्द सुचणार? त्या दिवशी समाज आपले शब्द आपल्याला उसने देतो, तो त्याचा आधारच असतो. पण दहा वर्षांनी शांतपणे आठवण लिहायला बसल्यावर त्याच शब्दांवर भागवलं, तर गेलेल्या माणसाचं वेगळेपण आपण आपल्या हातांनी घालवतो.

स्नेह्यांनी मग ‘श्यामची आई’ पुढे केली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ती लिहिली, आणि तिच्याइतकं भावनेने ओथंबलेलं पुस्तक मराठीत क्वचितच असेल. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग घ्या. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपले ओचे दगडावर पसरते, त्यावर तो पाय ठेवतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसंच मनालाही जप, असं ती त्याला सांगते. हीसुद्धा तुलनाच आहे. तिला कात्री लावावी असं मात्र मला कधी वाटलेलं नाही, आणि का वाटलं नाही याचा विचार करताना माझ्या मताला वळण मिळालं. ही तुलना लेखकाने नंतर घरी बसून जोडलेली नाही. ती त्या दगडापाशीच, ओले पाय समोर असताना, आईच्या तोंडून आली. म्हणजे तीही घडलेल्या गोष्टीचाच भाग आहे. तिची साक्ष दिलीच पाहिजे. स्नेह्यांचा मुद्दा मला इतका मान्य आहे, याहून अधिक नाही.

आठवणीतून रूपक साफ काढून टाका, असं म्हणायला मी बसलो होतो. आता तसं म्हणणार नाही. आई जात्यावर, चुलीपाशी, शेतात जे बोलली, ज्या वस्तूंच्या आधाराने तिने स्वतःचं दुःख सांगितलं, ते सगळं जसंच्या तसं ठेवा. बाबांनी कधी स्वतःला बैल म्हटलं असेल तर तो बैल ठेवा. जे आपण मागाहून आणलं, तेवढंच काढा.

तेव्हा आपल्या माणसाबद्दल लिहाल तेव्हा प्रत्येक उपमेपाशी थांबून एवढंच विचारा : ही तेव्हा तिथे होती का? नसेल तर ती खोडा, आणि तिच्या आधीचं वाक्य पुन्हा एकदा नीट वाचा. बहुतेक वेळा सांगायचं ते तिथेच सांगून झालेलं असतं.