आजचा हात

सावकाश बसा. श्वास आपला आपण येऊ-जाऊ द्या. आता मनाने सेंट लुईसच्या बुश स्टेडियममध्ये या. बेसबॉलचा सामना सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे. लोक आपापल्या खुर्च्या शोधताहेत; तिकडे लक्ष नको. कुंपणापलीकडे बुलपेन आहे, पिचरच्या सरावाची जागा. तिथे दोघंच डोळ्यांसमोर आणा : चेंडू फेकणारा पिचर ॲडम वेनराइट आणि तो झेलणारा कॅचर याडिएर मोलिना.

आधी कॅचर उभाच असतो. चेंडू हळू येतो, हळू परत जातो. खांदा मोकळा झाला की कॅचर उकिडवा बसतो आणि ग्लव्ह पुढे धरतो. मध्ये ६० फूट ६ इंचांचं अंतर. चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज ऐका. विरू द्या. पुन्हा ऐका.

आता ग्लव्हकडेच बघत राहा. तो हलत नाही. पिचरला नजर ठेवायला ती एक जागा पुरते.

समोरच्या फलंदाजांचा अभ्यास आधीच झालेला असतो : कुणाला अंगाजवळचा चेंडू जड जातो, कोण पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो. पण पिचरचा आजचा हात कसा आहे, हे कुठल्याच कागदावर नसतं. वेनराइटची खरी भिस्त कर्व्हबॉलवर, फलंदाजापाशी येता येता खाली पडणाऱ्या चेंडूवर. आज तो तसा पडतोय का? की मध्येच सैल सुटतोय? ते कॅचरच्या तळव्याला कळतं. सैल सुटत असेल, तर सामन्यात कॅचरने तो पिचरकडे कमी मागायचा. काल जमलं होतं म्हणून आज हट्ट धरायचा नाही. या साऱ्या तयारीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

इथे थोडं थांबा. तुमच्यासोबत रोज काम करणारं एक माणूस आठवा. त्याचा आजचा हात तुम्ही पाहिलात का? उत्तराची घाई नको.

वेनराइट आणि मोलिना २००७ पासून एकत्र सामन्यांची सुरुवात करत आले. १४ सप्टेंबर २०२२ला दोघांनी मिळून सुरुवात केलेला ३२५वा सामना झाला आणि डेट्रॉइटच्या मिकी लोलिच-बिल फ्रीहन यांचा ३२४चा विक्रम मोडला. मोसमाअखेर मोलिना निवृत्त झाला, तेव्हा आकडा ३२८ होता. वेनराइट तोवर एक्केचाळिशीचा झाला होता. इतक्या वर्षांत हात बदलत गेला आणि मागणंही बदलत गेलं.

कधी बेसबॉल पाहायला गेलात, तर अर्धा तास आधी पोहोचा आणि थेट बुलपेनपाशी जाऊन उभे राहा.